थरांची साक्ष



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो वेतनकरार किंवा बोनस यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती गैर नाही. आमचा जन्म त्याच बोलण्यात गेला. परंतु आजचा विषय आम्ही जाणूनबुजून निराळा घेतला आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात आपण राहतो. इथल्या कितीतरी घरांची चूल कोळशाच्या खाणीवर पेटते. पण त्या कोळशाच्या खाली, वर आणि खुद्द कोळशात काय लिहिलेले आहे, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. भूशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि खाणीतल्या जाणत्या माणसांनी दिले. तेव्हा पंडिताचे विवेचन आमच्याकडून अपेक्षू नका. चौकशीच्या कामात मुरलेला माणूस साक्षीपुरावा कसा तपासतो, तेवढे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याच नजरेने आज आपण खडकाकडे पाहू.

प्रथम साक्षीचा कायदा समजून घेऊ. इटलीतील फ्लॉरेन्स येथे राहणारा निकोलस स्टेनो हा मूळचा डेन्मार्कचा वैद्य. १६६६ साली त्याच्याकडे एका प्रचंड शार्क माशाचे डोके चिरफाडीसाठी आले. त्या माशाचे दात आणि डोंगरात सापडणारे, लोक ज्यांना ‘जीभदगड’ म्हणत ते दगड, हे एकसारखे आहेत असे त्याने पाहिले. समुद्रातल्या माशाचे दात डोंगराच्या पोटात गेले कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करून १६६९ साली त्याने एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात एक साधा नियम मांडला: गाळ थराथरांनी साचतो, म्हणून उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा. धान्याच्या कोठारात गेल्या सालची पोती खाली आणि यंदाची वर असतात, तसेच हे आहे.

दुसरा नियम ज्याने रूढ केला तो विल्यम स्मिथ इंग्लंडातल्या एका लोहाराचा मुलगा. कॉलेजची पायरी त्याने चढली नव्हती. जमीन मोजण्याचे काम करता करता तो सॉमरसेट परगण्यातल्या कोळशाच्या खाणींत उतरला, कोळसा वाहून नेण्यासाठी खणलेल्या कालव्याच्या काठाने हिंडला, आणि त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक थराचे शंखशिंपले ठरावीक आहेत. दगड दिसायला सारखा असला तरी आतल्या जीवाश्मावरून थर ओळखता येतो. १८१५ साली त्याने इंग्लंड-वेल्सचा थरांचा नकाशा एकहाती काढून छापला. १८१९ साली हाच मनुष्य कर्जापायी तुरुंगात गेला. ज्या भूशास्त्र परिषदेतल्या बड्या लोकांनी त्याला बरीच वर्षे दाराबाहेर ठेवले, तिनेच १८३१ साली त्याला आपले पहिले मानाचे पदक दिले. शास्त्राच्या इतिहासातही खालच्या थरातली माणसे अशी उशिरा सापडतात!

या दोन नियमांची शिदोरी घेऊन आपण आपल्या खोऱ्यात उतरू, आणि अगदी तळापासून वर येऊ.

तळाशी, कोळशाच्याही खाली, हिरवट मातीचा एक खडक आहे. त्याला भूशास्त्रात तालचीर थर म्हणतात. ओडिशातल्या तालचीर गावावरून हे नाव पडले. या बारीक मातीत लहानमोठे गोटे वाटेल तसे रुतलेले आहेत, आणि बैलगाडीएवढे धोंडेही आहेत. आता नदीची रीत आपण जाणतो. ती मोठे धोंडे वरच्या अंगाला टाकते, पुढे वाळू टाकते, शेवटी गाळ टाकते. चिखल आणि धोंडा ती एकाच जागी ठेवीत नाही. अशी सरमिसळ करणारा मोठा वाहक म्हणजे बर्फ. हिमनदी सगळे पोटात घेऊन चालते आणि वितळली की सगळे एकत्र टाकते. तालचीरच्या थरांत बर्फाचा हात असावा, असे ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ सालीच सुचविले होते. पुढे आपल्याच जिल्ह्यात, पैनगंगा-वर्धेच्या संगमाच्या परिसरात इरई गावाजवळ, भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या फेडन यांना चुनखडीची एक फरशी सापडली. तिच्यावर समांतर ओरखडे आहेत. बर्फात अडकलेले दगड खडकावरून घासत गेले, त्यांची ती खूण. चंद्रपूरच्या मे महिन्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना हे सांगताना आम्हांसही हसू येते, पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या जागेवर बर्फ सरकत होते, ही दगडाची जबानी आहे.

त्या थराच्या वर आपला कोळसा येतो. सीमच्या वरचा आणि मधला काळसर शेल सोलला, की त्यात पानांचे ठसे दिसतात. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. याला १८२८ साली ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्लोसोप्टेरिस, म्हणजे जिभेसारखे नेचे, असे नाव दिले. पुढे कळले की हे नेचे नव्हते, बी धरणारे झाड होते. बर्फ हटल्यावर या झाडांची राने दलदलीत वाढली, आणि त्यांचा चोथा साचून, दबून त्याचा कोळसा झाला.

पण दलदल होती हे कशावरून? येथे चौकशीचा खरा मुद्दा येतो. पान हा साक्षीदार चांगला, परंतु तो वाऱ्यावर उडून येतो, पाण्यावर वाहून येतो. तो सापडला तिथलाच रहिवासी असेल असे नाही. मूळ मात्र हिंडत नाही. कोळशाच्या थरांतून मणक्यांची माळ वाटावी असे एक विचित्र जीवाश्म सापडते. त्याला व्हर्टेब्रेरिया म्हणतात. सव्वाशे वर्षे त्याचा उलगडा होत नव्हता. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ग्लोसोप्टेरिसच्याच झाडाचे मूळ ठरले. त्या मुळात हवेच्या पोकळ्या आहेत. पाण्याने तुंबलेल्या मातीत मुळाचा श्वास कोंडतो, म्हणून अशा जागच्या वनस्पती मुळात हवा खेळती ठेवतात. एका पोकळीवरून संबंध जमिनीचा ओलावा सांगता येतो, तो असा. त्याच काळच्या अश्मीभूत लाकडात वर्षावर्षाची वलये स्पष्ट दिसतात, आणि पानांचे ढीगच्या ढीग एका पातळीवर पडलेले आढळतात. म्हणजे तेथे ऋतू होते, झाड वाढायचे थांबत होते आणि पानगळ होत होती.

या पानाने आणखी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका या सर्व देशांत ते सापडते, आणि त्याचे बी काही वाऱ्यावर महासागर ओलांडण्याजोगे नव्हते. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतत होते. अन्न संपत आले होते, पाय गोठले होते, तरीही बिअर्डमोर हिमनदीजवळ उचललेले सुमारे ३५ पौंड दगड त्यांनी घसरगाडीवर शेवटपर्यंत ओढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे मृतदेह सापडले, तेव्हा ते दगड जवळच होते. १९१४ साली त्या दगडांतल्या पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ते पान ग्लोसोप्टेरिसचे होते! आपल्या सीमवरचे पान आणि ध्रुवाजवळच्या बर्फाखालचे पान एकाच रानाचे. हे सारे भूखंड तेव्हा एकत्र होते आणि आपला भाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. म्हणून आधी बर्फ आणि मग थंड दलदल. त्या जोडखंडाला आज सारे जग गोंडवन म्हणते. हे नाव आपल्या गोंड बांधवांच्या भूमीवरून घेतलेले आहे, हे येथे मुद्दाम सांगून ठेवतो.

कोळसा संपला की वर तांबूस वाळूचे खडक लागतात. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर मांगली हे गाव आहे. तेथून हिस्लॉप आणि हंटर या नागपूरच्या मिशनऱ्यांनी एक कवटी मिळविली. बेडकाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एका रुंद डोक्याच्या उभयचराची ती होती. रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. त्याच गावच्या खडकात शिंपल्यासारखे दोन झडपांचे कवच असलेल्या, कोळंबीच्या गोतातल्या चिमुकल्या जीवाचे थवे सापडले. या जीवाचे आजचे नातलग पावसाळी डबक्यांत राहतात. डबके आटले तरी त्यांची अंडी सुक्या मातीत तग धरतात. म्हणजे बारमाही दलदल सरली होती, आणि भरणारी-आटणारी डबकी राहिली होती.

मधल्या काळात काय घडले? सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सर्वांत मोठा संहार झाला. ग्लोसोप्टेरिसची राने नाहीशी झाली. त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे जगात कोठेही कोळसा साचलेला आढळत नाही. या संहाराचे मुख्य कारण म्हणून सैबेरियातल्या प्रचंड लाव्हाच्या उद्रेकांकडे बोट दाखवितात. तो लाव्हा वर येताना जमिनीतल्या कोळशातून आणि इतर थरांतून गेला, ते जळाले, आणि हवेत कर्बवायूची भर पडून हवामान तापले. कोळशावर ज्यांचे पोट आहे त्यांच्यासमोर हे सांगणे अवघड आहे. पण साक्ष आपल्या सोयीची असली तरच ऐकायची, हा मालकांचा कायदा झाला, आमचा नव्हे. खाणीतल्या माणसाने घाम गाळून कोळसा काढला यात त्याचा दोष नाही. उद्या खाणी बंद करण्याची वेळ आली तर त्याच्या पोराबाळांची सोय आधी लागली पाहिजे, ही आमची मागणी आहे. तरीही थर जे सांगतो ते खोडून काढता येणार नाही.

आणखी वर चला. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे खेडे आहे. तेथील शेतांत नांगराला प्रचंड हाडांचे तुकडे लागतात, आणि त्यांच्याबरोबर गोल-लांबट दगडी गोळेही लागतात. हे गोळे म्हणजे अश्मीभूत शेण! हसण्याचे कारण नाही. शेणाइतका प्रामाणिक साक्षीदार विरळा. हाड सांगते प्राणी कोण होता. शेण सांगते त्याने काय खाल्ले. भाताचे किंवा गवताचे पान हाताला कापते, कारण त्यात गारेचे सूक्ष्म कण असतात. पान कुजले तरी ते कण राहतात, आणि प्रत्येक कुळाच्या कणांचा आकार वेगळा असतो. भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी पिसदुऱ्याचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २००५ साली जाहीर केले की त्यांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण आहेत. त्याआधी, गवते खरी पसरली ती डायनोसॉर संपल्यावर, असे सामान्यतः मानीत. २०११ साली भाताच्या गोतातल्या गवतांचाही पुरावा पुढे आला. जगातल्या पुस्तकांतला एक परिच्छेद आपल्या शेजारच्या शेतातल्या शेणाने बदलला!

त्यानंतर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, सह्याद्री ज्याचा झाला तो काळा लाव्हा इथवर पसरला. लाव्हात जीवाश्म कुठून असणार? पण नागपूरजवळ टाकळी येथे आणि सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये एक पातळ थर दाबलेला आहे. हिस्लॉप यांनी तो पाहिला आणि त्यातून फायसा नावाचे गोड्या पाण्यातले गोगलगायीसारखे शंख वेचले. हा जीव हवेत श्वास घेतो, त्यासाठी पृष्ठभागावर येतो. त्याला उथळ, संथ पाणी लागते. अशाच मधल्या थरांच्या गारगोटीत डॉ. बिरबल साहनी यांना पाण्यावर तरंगणारे अझोला हे नेचे सापडले, ज्याची लागवड आज आपले शेतकरी जनावरांच्या चाऱ्यासाठी हौदात करतात. यावरून एवढे निश्चित झाले, की लाव्हा अखंड वाहत नव्हता. मध्ये मोठा विसावा होता. त्या अवधीत माती झाली, तळी भरली, शंख नांदले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळे झाकले गेले.

या मधल्या थरांनी साक्षीच्या बाबतीत एक धडा दिला आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान येथे निपा या ताडाच्या जातीचे अश्मीभूत फळ १९३० नंतरच्या काळात सापडले. हे झाड आज सुंदरबनासारख्या भरतीच्या पाण्यात वाढते. मग मध्य भारतात खाडी होती काय? एका फळावरून असे म्हणता येत नाही. फळ तरंगत कोठूनही येते. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला बडतर्फ करू नये, असे आम्ही चौकशीत नेहमी म्हणतो, तसेच हे आहे. पण पुढे त्याच मोहगावात समुद्रशेवाळाच्या जातीचे अवशेष मिळाले, आणि २००९ साली त्याच जिल्ह्यातल्या झिलमिली येथून सागरी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे नोंदली गेली. एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा खारे पाणी त्या परिसरात पोचले असावे याला बळ आले. ते कोणत्या वाटेने आले यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. वाद आहे म्हणून शास्त्र खोटे ठरत नाही. पुरावा समोर ठेवून वाद करता येतो, हेच त्याचे बळ.

आता जे सांगण्यासाठी आम्ही आज उभे राहिलो, ते सांगतो. या सर्व साक्षींचे मोल एका गोष्टीवर अवलंबून आहे: जीवाश्म कोणत्या थरात, कोणत्या जागी होते, याची नोंद. थरातून सुटलेले जीवाश्म म्हणजे नाव, गाव, तारीख नसलेली जबानी. १९५२ च्या खाण अधिनियमाने नियम घातला, की जीवघेणा अपघात झाला तर निरीक्षक येईपर्यंत, बचावाच्या कामाखेरीज, ती जागा हलवू नये. का? कारण दगड कोठे पडला, खांब कोणत्या बाजूला कलला, यातच सत्य असते. दगड उचलून कचेरीत आणला तर तो नुसता दगड उरतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण डंपरचालक आमच्या संघटनेच्या कचेरीत शेलचा एक तुकडा रुमालात गुंडाळून घेऊन आला. त्यावर पानाचा ठसा इतका रेखीव होता, की शिरान् शीर मोजून घ्यावी. आम्ही तो कॉलेजातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखविला. ते आनंदले. मग त्यांनी विचारले, ‘कोणत्या सीमवरचा? छतापासून किती उंचीवरचा?’ त्या मुलाला तो ओ. बी. च्या ढिगावर मिळाला होता. तीन फेस एकाच वेळी चालू होते. माल सगळा एकाच ढिगात पडत होता. प्राध्यापकांनी तुकडा परत त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘घरी जपून ठेवा. सुंदर आहे.’ त्या एका शब्दात सगळे आले. सुंदर राहिले, साक्ष गेली.

भूमिगत खाणीत माणूस छत काठीने ठोकून पाहतो, पोकळ आवाज येतो का ते ऐकतो. थराशी त्याची ओळख असते. खुल्या खाणीत शॉव्हेलच्या एका घासात कित्येक हजार वर्षे उचलली जातात आणि डंपरमध्ये पडतात. कोट्यवधी वर्षे जे एकावर एक व्यवस्थित रचलेले होते, ते एका पाळीत कालवले जाते. ढिगातून त्याचा क्रम पुन्हा लावता येत नाही. कोळसा काढू नका, असे म्हणण्याचा आजचा प्रसंग नाही. परंतु काढताना पाहणारे डोळे कोणाचे असतात? प्राध्यापक वर्षातून एकदा येतात. रोज, तिन्ही पाळ्यांत, थरासमोर उभा असतो तो कामगार, आणि विहीर खणताना तो शेतकरी. त्यांनी पाहिले नाही तर कोणीच पाहिले नाही.

म्हणून आमच्या चार विनंत्या आहेत. दगडात पान, शंख, हाड दिसले तर पहारीने उचकटू नका. सुरक्षित असेल तेथून जागेवरच मोबाइलने छायाचित्र घ्या, शेजारी एखादे नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल. फेस कोणता, सीमच्या वर किती फूट, दिनांक काय, हे कागदावर लिहा. दगड हलवावाच लागला तर तो कागद त्याच्याबरोबरच राहू द्या. मग नागपूरच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण कार्यालयास किंवा जवळच्या कॉलेजास कळवा. विकत मागणाऱ्यास देऊ नका. आणि चौथी विनंती शास्त्रज्ञांना: ज्याने पाहिले त्याचे नाव अहवालात लिहा. टाकळीच्या शंखांबरोबर हिस्लॉप यांचे नाव राहिले आणि ते योग्यच आहे. पण मांगलीच्या खडकावर पहिली पहार कोणाची पडली, हे कोणत्या पुस्तकात आहे?

मंडळी, या खोऱ्यात बर्फ होते, दलदल होती, आटणारी डबकी होती, गवतात चरणारे डायनोसॉर होते, लाव्हाने वेढलेली तळी होती. पायाखालची जमीन प्रत्येक वेळी निराळी होती, आणि प्रत्येक वेळी तिने आपली नोंद मागे ठेवली. आपल्या पिढीचीही नोंद राहील. तिच्यात, येथे राहणाऱ्यांनी कोळसा नेला आणि साक्षही बुडविली, असे असावे की कोळसा नेला पण साक्ष जपली, असे असावे, हे अजून आपल्या हाती आहे. उद्या पहाटेच्या पाळीला जाणारी माणसे या सभेत बसलेली आहेत. त्यांनी एवढेच करावे, खिशात पेन्सिल आणि कागदाचा चिटोरा ठेवावा.